एकाच नावाच्या दोन मर्यादा

तो माणूस मला पहिल्या दिवशीच आवडला नाही. त्यालाही मी आवडले नाही; मी ते मनात ठेवलं, त्यानं बोलून दाखवलं. दोन कंपन्या एक झाल्यावर अमरावतीच्या कंपनीतून तो आमचं अकोल्याचं ऑफिस पाहायला आला होता. माझ्या खुर्चीमागे उभा राहिला, स्क्रीनवर वाकला, दोन मिनिटं वाचलं आणि आमच्या मालकांकडे वळून म्हणाला, "चित्र काढल्यासारखा कोड लिवते ही पोरगी. चालते का पन तो?"

मालक हसले. मी हसले नाही. मी तेहतीस वर्षांची होते, नऊ वर्षं हेच काम करत होते, आणि मला पोरगी म्हणण्याइतका तो म्हाताराही नव्हता. पन्नाशीचा असेल. शर्टाच्या खिशात दोन पेनं, कपाळावर चष्म्याची खूण, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्याच्या वरून कुठेतरी पाहायची सवय.

खरं तर मीही अमरावतीचीच, कॅम्पातली. वडील तिथेच वकिली करतात. मला नोकरी मात्र अकोल्याला लागली आणि मी रोज बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरून अकोल्याला जाऊ लागले. त्यामुळे अमरावतीच्या ऑफिसातल्या लोकांना मी आपल्यातली असून शत्रूच्या गोटात गेलेली वाटायचे. तो हे तोंडावर म्हणायचा. "गाव आमचं, नोकरी त्याईची. नेमकी कोनाची हाय तू?"

शत्रू हा शब्द मी उगाच वापरत नाही. दोन्ही कंपन्या लहान होत्या आणि दोन्ही एकच वस्तू विकत होत्या: पॅथॉलॉजी लॅबसाठी रिपोर्ट छापणारं सॉफ्टवेअर. कित्येक वर्षं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवण्यात गेली. मग आमच्या मालकांची मुलगी अमरावतीच्या मालकांच्या मुलाला दिली. लग्नात दोन्हीकडचे प्रोग्रामर एकाच टेबलावर बसवले होते. आम्ही बासुंदी खात असताना दोन्ही व्याह्यांनी जाहीर केलं की आजपासून धंदाही एकच. टाळ्या वाजल्या. आमच्या टेबलावर कोणी वाजवल्या नाहीत.

पुढचं ओघानंच आलं. दोघांचे दोन प्रोग्राम होते, त्यांचा एक करायचा होता. त्यांच्या बाजूनं तो, आमच्या बाजूनं मी.

रक्त तपासल्यावर रिपोर्टवर एक आकडा येतो आणि शेजारी तो किती ते किती असावा हे छापलेलं असतं. आकडा त्याबाहेर गेला की लाल होतो. ही हद्द ठरवणाऱ्या भागाला आम्ही मर्यादा असं नाव दिलं होतं, आणि त्यांनीही नेमकं तेच दिलं होतं. त्याची मर्यादा बारा वर्षं जुनी होती. तिच्यात वयाचा विचार नव्हता, कारण त्यांच्या लॅबांमध्ये लहान मुलं फारशी येतच नसत. आमची निम्मी गिऱ्हाइकं मुलांच्या दवाखान्यांतली. त्यामुळे माझी मर्यादा आधी वय विचारायची. सहा महिन्यांच्या बाळाला वेगळी हद्द, नऊ वर्षांच्या मुलीला वेगळी, मोठ्यांना वेगळी.

एका प्रकल्पात एकाच नावाचे दोन भाग आले की संगणक तिथेच थांबतो. हे नाव आधी कोणीतरी घेतलंय, म्हणतो, आणि पुढे जात नाही. यावरचा उपाय साधा आहे. मी शाळेत होते तेव्हा वर्गात माझ्या नावाच्या आम्ही तिघी होतो. बाई आम्हाला कॅम्पातली, राजापेठेतली आणि बडनेऱ्याची अशी हाक मारायच्या, आणि हजेरीत कधी घोळ झाला नाही. प्रोग्रामच्या भाषेत याला नेमस्पेस म्हणतात. प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर एक ओळ लिहायची, हा भाग कोणत्या घरचा आहे ते सांगणारी. आणि जिथे जिथे त्याला हाक मारायची तिथे घराच्या नावासकट मारायची. मग मर्यादा दोन असोत की दहा.

मी हे व्हिडिओ कॉलवर मांडलं. तिकडे तो, इकडे मी, मध्ये दोघांचे मालक.

"बारा वर्षं झाले हा कोड चालून राहिला," तो म्हणाला. "आता मी एकेका फाइलीत जाऊन नावाले शेपटी लावत बसू?"

"शेपटी कशाला, आडनाव म्हणा."

"आडनाव नवीन सुनेले लावतेत, मॅडम. मी याच घरचा हाय."

दोन्ही मालक एकदम हसले. लग्न नुकतंच झालं होतं, त्यांना तो विनोद फारच आवडला. मी म्हटलं, "हे महिन्याभराचं काम आहे, पण एकदा केलं की कायमचं." अमरावतीचे मालक म्हणाले, "महिना? आपल्याजवळ दहा दिवस नाहीत." आमच्या मालकांनी व्याह्यांकडे पाहून मान हलवली. मुलीचा बाप दुसरं काय करणार.

दोन दिवसांनी अडलेला प्रोग्राम चालू झाला. कसा झाला म्हणून मी फाइल उघडली. दोन्ही मर्यादांवर त्यानं एक अट लावली होती: या नावाचं कोणी आधी आलं असेल तर तू येऊ नकोस. म्हणजे जी फाइल आधी वाचली जाईल तिची मर्यादा राज्य करणार आणि दुसरी दाराबाहेर, तीही मुकाट्यानं. कोणाला काही कळणार नाही, कारण तक्रार करणारं तोंडच त्यानं बंद केलं होतं.

मी लांबलचक मेल लिहिली. त्याचं उत्तर आलं नाही. फोन केला तर म्हणाला, "एरर दिसते का कुठी? नाई ना? मंग काहून बोंबलून राहिली?" मालकांकडे गेले. ते म्हणाले, "चालतंय ना सगळं? मग वाद वाढवू नका, आता नातं आहे."

आणि चालत होतंच. फाइली फोल्डरांच्या नावांच्या क्रमानं वाचल्या जायच्या, आणि इंग्रजी अक्षरांत अकोला अमरावतीच्या आधी येतं. म्हणून माझी मर्यादा आधी यायची, आणि तिला मोठ्यांचीही हद्द ठाऊक असल्यामुळे दोन्हीकडचे रिपोर्ट बरोबर निघायचे. त्याच्या बारा वर्षांच्या कोडमधला तो तुकडा दाराबाहेर उभा आहे आणि काम माझाच करतोय, हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. मला त्यात मजा वाटायची.

एप्रिलात अमरावतीचे मालक आमच्याकडे आले. कूलरसमोर बसून त्यांनी सांगितलं की फोल्डरांना गावांची नावं बरी दिसत नाहीत, त्यातून अजून दुजाभाव दिसतो. अमरावतीच्या फोल्डरला 'मुख्य' म्हणा आणि अकोल्याच्या फोल्डरला 'मुले', कारण मुलांच्या तपासण्यांचं तुमचं काम आहे ना. हे त्यांना कोणी शिकवलं ते मला विचारावं लागलं नाही. नऊ वर्षांचं माझं काम, त्याचं नाव मुले. मी म्हटलं, "मुख्य कोण हे कोणी ठरवलं?" ते म्हणाले, "अहो, नावात काय आहे?" ज्यांचं नाव वर लागतं त्यांनाच हा प्रश्न सुचतो.

फाइली वाचणारा भाग, म्हणजे लोडर, मी लिहिलेला होता, म्हणून नावं बदलायचं काम माझ्याकडे आलं. शुक्रवार होता. पावणेसहाच्या सुमाराला माझी गाडी. मी सव्वापाचला नावं बदलली. ती बदलताना मर्यादेची फाइल मी उघडली होती, हे मला स्पष्ट आठवतं. ती अट माझ्यासमोर होती. इंग्रजीत मुख्यमधला 'के' मुलेमधल्या 'एल'च्या आधी येतो, म्हणजे आता त्याची मर्यादा आधी वाचली जाणार, हे कळायला पहिलीतलं पोर पुरे. मी त्या ओळीकडे पाहिलं आणि माझ्या मनात जे आलं ते असं: मुख्य व्हायचंय ना, व्हा मुख्य. मग जे फुटेल ते तुमच्या डोक्यावर फुटेल. मग मी फाइल मिटली, दोघांना एका ओळीची मेल टाकली, 'सांगितल्याप्रमाणे नावं बदलली आहेत', आणि स्टेशनकडे निघाले.

काय फुटेल याचा मी विचार केला नव्हता. एखादा एरर येईल, तो तोंडावर पडेल, एवढंच डोळ्यांसमोर होतं. त्यानं तक्रारीचं तोंड बंद केलेलं आहे आणि त्यामुळे एररही येणार नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच. रागात तेवढंच बाजूला राहिलं.

मे महिन्यात, दुपारी बाराच्या सुमाराला एक बाई आमच्या ऑफिसात आल्या. सोबत त्यांचा भाऊ. अंजनगाव सुर्जीचे, भावाचं तिथे बी-बियाण्याचं दुकान, बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई. तीस-बत्तीसच्या असतील. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रिपोर्ट आणि एक्स-रे. उन्हातून जिना चढून आल्या होत्या तरी पाणी दिलं ते घेतलं नाही.

"लॅबवाल्यानं सांगतलं की कागद तुमचा कम्प्युटर छापते," त्या म्हणाल्या. "कोनतं मानूस छापते, ते मले पाह्याचं हाय."

त्या दिवशी नेमका तोही अकोल्यात होता, माझ्या समोरच्या टेबलावर. मालक केबिनमधून बाहेर आले आणि बसा-बसा करू लागले. बाई बसल्या नाहीत. त्यांनी टेबलावर एक रिपोर्ट ठेवला आणि बोटानं एक ओळ दाखवली. नऊ वर्षांच्या मुलीचा रिपोर्ट. अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे लिव्हर आणि हाडांसाठी करतात ती तपासणी: दोनशे ऐंशी, लाल अक्षरांत. शेजारी हद्द छापलेली, ती मोठ्या माणसाची.

ज्यांची हाडं वाढत असतात त्या मुलांमध्ये हा आकडा मोठ्यांच्या दुप्पट-तिप्पट असतोच. नऊ वर्षांच्या मुलीला दोनशे ऐंशी म्हणजे काहीच नाही. माझ्या मर्यादेला हे माहीत होतं. ती दाराबाहेर उभी होती.

मुलीला नुसता ताप येत होता. गावाकडच्या डॉक्टरांनी तो लाल आकडा पाहिला आणि घाबरून पुढे पाठवलं. सोनोग्राफी झाली, हातापायांचे एक्स-रे झाले, पुन्हा दोनदा रक्त काढलं, आणि दोन्ही वेळा ते आमच्याच सॉफ्टवेअरच्या लॅबमध्ये गेलं, म्हणून दोन्ही वेळा लालच आलं. पोरीचं लिव्हर गेलं असं गल्लीभर झालं. तेल, तूप, दूध बंद केलं. मावशीकडच्या लग्नाला तिला नेलं नाही. कोणी म्हणालं हाडाचा कॅन्सर असाच सुरू होतो. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी कागद पाहून विचारलं, हा रिपोर्ट मुलीचा आहे की आईचा? आणि सांगितलं, मुलीला काही नाही, ताप केव्हाच उतरलाय, हिला जेवू घाला.

"तीन हप्ते ती पोट्टी मले रोज इचारे," बाई म्हणाल्या. "आई, मी मरून राहिली का? मी नाई म्हनो आन मंग मोरीत जाऊन रडो. आता सांगा, कोनाचं काम हाय हे?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता, पहिल्यांदाच खांद्याच्या वरून नाही.

"नावं यानं बदलली," तो म्हणाला आणि माझ्याकडे बोट केलं. यानं म्हणाला, हिनं नाही. घाईत चुकलं असेल.

"अट यांनी लावली होती," मी म्हटलं. "मी तेव्हाच लेखी सांगितलं होतं. माझ्याजवळ मेल आहे."

"मेल! मेल दाखवते मले! लोडर तुहा, फोल्डर तू फिरवले, आन खापर माह्या डोक्श्यावर?"

"तुम्हाला मुख्य व्हायचं होतं ना?"

"अन तुले मले पाडाचं होतं!"

तो उभा राहिला होता, मीही. मालक दोघांच्या मध्ये हात करून काहीतरी म्हणत होते. मग बाईंच्या भावानं टेबलावर पालथा हात आपटला. बाई मात्र आवाज न चढवता बोलल्या.

"तुमचं भांडन झालं का? नसंन झालं तं मी गेल्यावर करजा. मले एक सांगा. माह्या पोरीसारखे अजून किती हायेत?"

तो प्रश्न आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आला नव्हता. मला आजही त्या दिवसातलं हेच सगळ्यात जास्त लागतं. आम्ही दोघं शिकलेले, दोघांना क्षणात कळलं होतं की चूक कुठे झाली, आणि दोघांनी तेवढा क्षण एकमेकांकडे बोट दाखवायला वापरला.

"बघतो आम्ही, ताई, तुम्ही निश्चिंत जा," मालक म्हणाले.

"मी नाई जात. काढा." आणि आता त्या खुर्चीत बसल्या.

यादी काढायला दीड तास लागला. मी शोधत होते, तो मागे उभा राहून चुका काढत होता. "अठराच्या खालचे घे. फक्त लाल नको घेऊ, उलटंही असंन. मोठ्याइच्या हद्दीत बसलं पन लेकराच्या नाई, असेही पाय." हे त्याचं बरोबर होतं. माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि त्याच्यामुळे लक्षात आलं याचा मला राग आला. यादी निघाली. बहुतेक नावं उगाच लाल झालेल्यांची. चार नावं उलटी, म्हणजे खरं तर लाल असायला हवी होती आणि काळी छापली गेली होती.

बाईंनी तो कागद हातात घेतला. वाचला नाही, नुसता किती लांब आहे ते पाहिलं. "या सगळ्याइले सांगतलं का मले सांगजा," म्हणाल्या, माझा नंबर घेतला आणि गेल्या.

त्या गेल्यावर मालकांनी दार लावून घेतलं. त्यांचं म्हणणं, कोड गुपचूप सुधारा, लॅबला कळवा, घरोघरी फोन करण्याची गरज नाही, नाहीतर कंपनीच बसेल. त्यांचे व्याही फोनवर होते, त्यांचंही तेच. आश्चर्य म्हणजे तो तयार झाला नाही.

"त्या चौघाइले आज फोन गेले पायजे," तो म्हणाला. "नाई तं मी सोता जातो घरोघरी."

मला हे आवडलं असं मी म्हणणार नाही. माझ्या मनात आलं, आता हा मोठा होणार. पण मीही म्हटलं, "मी पण करणार."

यादीतले जवळजवळ सगळे कागद ज्या लॅबचे होते, तिथल्या डॉक्टर बाईंनी आम्हाला दोघांनाही त्यांच्या लॅबमध्येच बोलावलं. त्या इतक्या चिडल्या होत्या की बोलताना आमच्याकडे पाहत नव्हत्या. "माझ्या सहीनं गेलेत हे कागद," म्हणाल्या. "मी त्या हद्दीकडे पाहिलं नाही, छापील आहे म्हणून विश्वास ठेवला. माझं मी बघीन. पण फोन तुम्ही करायचे, माझ्यासमोर बसून, आणि कोणाची चूक आहे ते सांगायचं. तांत्रिक अडचण वगैरे म्हणायचं नाही."

त्या चौघांचे फोन डॉक्टर बाईंनी स्वतः केले आणि त्यांना त्याच दिवशी पुन्हा तपासायला बोलावलं. तिघं ठीक निघाले. मूर्तिजापूरच्या एका मुलाला कावीळ होती. दहा दिवस उशिरा कळली. तो बरा झाला. तो बरा झाला म्हणून मी हे लिहू शकते आहे, नाहीतर लिहिलं नसतं.

बाकीचे आम्ही वाटून घेतले. दोन दिवस, एका खोलीत, नमुन्यांच्या फ्रीजशेजारी, दोन मोबाइल. माझे फोन वाईट जात होते. मी नीट, स्वच्छ मराठीत सांगायचे, 'आमच्या प्रणालीतल्या चुकीमुळे,' आणि लोक फोन ठेवून द्यायचे. त्यांना वाटायचं मी विमा विकते आहे. एका आजोबांनी मला आईवरून शिवी दिली आणि मग विचारलं, म्हणजे नातू चांगला आहे ना? तो मात्र तिकडे सांगत होता, "काका, मी त्या कम्प्युटरवाल्याकडून बोलून राहिलो. कागदावर लाल आलं ना लेकराचं? ते आमचं चुकलं. लेकरू झकास हाय तुमचं. हाव, आमचंच चुकलं. द्या शिव्या, आयकतो." आणि ऐकायचा. दर वेळी आमचं म्हणायचा. तुझं किंवा माझं म्हणाला नाही. मी खिडकीबाहेर पाहत बसायचे.

चहा आला तेव्हा त्यानं कप माझ्याकडे सरकवला नाही. मीही मागितला नाही.

नंतर नेमस्पेस लावायला आम्हाला एका टेबलावर बसवलं. महिना लागेल असं मी म्हटलं होतं, बावीस दिवसांत झालं, कारण आम्ही कामाशिवाय एक शब्द बोलत नव्हतो. एकेका नावावर भांडलो. गावांची नावं नकोत यावर एकमत झालं. मुख्य नको हे मी म्हटलं आणि त्यानं मान हलवली. त्याच्या घराचं नाव प्रौढ, माझ्या घराचं बाल, आणि जे दोघांना लागतं ते समाईक. समाईकमध्ये काय जायचं यावर तीन दिवस गेले. प्रत्येकाला वाटत होतं दुसऱ्याचं मोडकं सामान तिथे येईल. हाक मारणाऱ्या ओळी शेकड्यांनी होत्या. प्रत्येकीत घराचं नाव घालायचं आणि मग रिपोर्ट छापून हातानं ताडून पाहायचा. यावेळी त्यानं एकही रिपोर्ट न पाहता सोडला नाही.

तेराव्या की चौदाव्या दिवशी त्यानं स्क्रीन माझ्याकडे फिरवली. माझ्याच घरात, माझ्याच हातानं, वजन नावाचे दोन भाग निघाले. एक किलोत उत्तर देणारा, एक ग्रॅममध्ये, नवजात बाळांसाठी. वेगवेगळ्या फाइलींत, वेगवेगळ्या वर्षी लिहिलेले. दोन्ही एकदम कधी लागले नव्हते म्हणून निभावलं होतं.

"हे तुह्यं," तो म्हणाला. एवढंच. मी नाव बदललं. मला रडू येईल असं वाटलं, पण त्याच्यासमोर नको म्हणून आलं नाही.

काम संपल्यावर मी सगळ्यांना एक मेल लिहिली. दोन्ही मालक, डॉक्टर बाई, तो. त्यात लिहिलं की फोल्डरांची नावं बदलताना ती अट मी पाहिली होती, क्रम उलटा होतोय हेही माझ्या लक्षात आलं होतं, आणि मी ते मुद्दाम सांगितलं नाही. ही मेल मला कोणी लिहायला सांगितली नव्हती. लिहिली नसती तर कोणाला कळलंही नसतं. पण त्याच्या त्या 'आमचं चुकलं'नं मला महिनाभर झोपू दिलं नव्हतं, आणि माझी चूक त्याच्या त्या 'आमचं'आड लपवून राहायला मला परवडत नव्हतं.

तो दुसऱ्या दिवशी अकोल्याला आला. सरळ माझ्या टेबलाशी.

"पाह्यलं होतं तं बोलली काहून नाई?"

"तुमचा राग आला होता."

"माह्या रागापायी त्या पोट्टीचं तीनदा रक्त काढलं?"

मी स्क्रीनवरची ती मेल मिटली.

"मी बह्याड हाय, येडा हाय," तो म्हणाला. "मले कळलंच नव्हतं. तुले कळत होतं." आणि केबिनमध्ये गेला. त्यानंतर तो माझ्याशी कधीच बोलला नाही. मी सहा महिन्यांनी नोकरी सोडली, तेव्हा निरोपाच्या समारंभाला आला नाही. त्याचं बरोबर होतं की चूक, हे मी अजून ठरवलेलं नाही. नेमस्पेसला त्यानं आधीच हो म्हटलं असतं तर हे काहीच झालं नसतं, हेही मी विसरलेले नाही. कधी बडनेऱ्याच्या फलाटावर दिसतो. दोघंही गाडी कोणत्या बाजूनं येणार ते पाहू लागतो.

यादीतल्या सगळ्यांना फोन झाल्यावर मी कबूल केल्याप्रमाणे अंजनगावच्या बाईंना कळवलं होतं. त्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला. मला वाटलं संपलं. चार महिन्यांनी त्यांच्या नंबरावरून व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला: रक्ताचा रिपोर्ट, दुसऱ्याच कुठल्या लॅबचा, दुसऱ्याच कंपनीचं सॉफ्टवेअर. पाठोपाठ फोन.

"पाह्यला का?"

"ताई, मी डॉक्टर नाही. डॉक्टरांना दाखवा."

"डॉक्टरनं पाह्यला. म्हनते सगळं बरोबर हाय. तू सांग, ते हद्द पोरीचीच हाय ना? का आईची टाकली?"

मी फोटो मोठा करून पाहिला. वय दहा. शेजारच्या रकान्यातल्या हद्दी एकेक करून वाचल्या. "मुलीचीच आहे," म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी आभार मानले नाहीत. मी बरी वाटते म्हणून नाही, एकदा चुकले आहे म्हणून मला विचारतात, हे मला कळतं. मुलगी आता सातवीत आहे. दर वेळी रिपोर्ट आला की फोटो येतो, शाळेच्या तपासणीचा, तापाचा, कशाचाही, आणि मी हातातलं काम ठेवून आधी वयाचा रकाना पाहते.